बाळाच्या वाढदिवसाला तैलचित्र: दर, मुदत आणि बिलात न दिसणारे खर्च

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला भिंतीवर तैलचित्र लागायला हवं असेल, तर बाळ आठ महिन्यांचं व्हायच्या आत ऑर्डर द्या. इथे चेहऱ्याच्या पोर्ट्रेटचा विचार नाही. बाळाला पहिल्यांदा जिथे नेलंत तो राजहंसगड, तवंदी घाटाचा उतार, निपाणीकडचं तंबाखूचं रान किंवा आजोळचं परडं, असं तुमच्या घराचं निसर्गचित्र काढून घ्यायचं आहे. चित्रकाराला चार ते सहा आठवडे लागतील असं धरा. पातळ थर हाताला सुकायला आठवडा-दोन आठवडे, जाड थराला त्याहून बरेच जास्त. जून ते सप्टेंबर बेळगावच्या ओल्या हवेत सुकणं आणखी रेंगाळतं. पावसाळ्यातली तारीख असेल तर महिनाभर अजून आधी जा.

कुठे जायचं? बेळगावात टिळकवाडीला वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन आहे. तिथे प्रदर्शन असेल तेव्हा जा, चित्रं जवळून बघा आणि चित्रकाराशी थेट बोला. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, साधारण चाळीस किलोमीटर. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवनाचं कलादालन बघा, कलानिकेतन किंवा दळवीज आर्ट या कलासंस्थांत चौकशी करा. चित्रकार आबालाल रहमान यांच्यापासून कोल्हापुरात निसर्गचित्राची परंपरा आहे, त्यामुळे हे काम करणारा माणूस सापडतो. फक्त मोबाईलवरचे फोटो बघून कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

दर बहुधा चौरस इंचावर सांगतात. समजा २० रुपये सांगितले. १८ बाय २४ इंचाचं चित्र ४३२ चौरस इंच, म्हणजे ८,६४० रुपये. २४ बाय ३६ चं ८६४ चौरस इंच, म्हणजे १७,२८०. भिंतीवर फरक थोडा दिसतो, रक्कम मात्र दुप्पट होते. म्हणून आधी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून माप ठरवा, मगच दर विचारा.

आता वरचे खर्च. पहिला, माणसांचा. चित्रात आई, बाबा, बाळ आले की काही जण माणशी वेगळे पैसे लावतात. ओळखू येणारा चेहरा असेल तर ते योग्यच आहे, त्याला मेहनत लागते. पण बांधावरून चाललेल्या पाठमोऱ्या, बोटभर आकृत्यांना पोर्ट्रेटचा दर देऊ नका. माझ्या मते अशा चित्रात पाठमोऱ्या आकृत्याच शोभतात, आणि खर्चही वाचतो. दुसरा खर्च बदलांचा. कच्चं रेखाटन आणि छोटा रंगीत नमुना आधी मागा, तिथेच काय ते बदल सांगा. रंग चढल्यावर ‘झाड डावीकडे घ्या’ म्हणालात तर पैसे लागणारच. किती बदल मोफत, ते लिहून घ्या. तिसरा खर्च जागेवर जाऊन काम करण्याचा: प्रवास, जेवण, दिवसाची मजुरी. त्याऐवजी तुम्हीच तिन्हीसांजेचे, सकाळचे फोटो काढून द्या आणि कोणत्या वेळचा उजेड हवा ते सांगा.

फ्रेम बहुतेकदा दरात नसते. फ्रेमवाला रनिंग फुटावर हिशोब करतो. १८ बाय २४ चा घेर ७ फूट भरतो, पण दोन इंच रुंद पट्टी कोपऱ्यांत कापावी लागते, त्यामुळे ८ फूट ४ इंचांचे पैसे होतात. हे फसवणुकीत मोडत नाही. फक्त रुंद पट्टी दरातही आणि लांबीतही महाग पडते, हे लक्षात ठेवा. तैलचित्राला काच लागत नाही. काच सुचवली तर ती रक्कम कापायला सांगा.

हातानं काढलेल्या चित्रावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. जुना दर लावला तर तिथेच हरकत घ्या. बिलावरचा क्रमांकही बघा: बेळगावच्या विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होतो, कोल्हापूरच्या विक्रेत्याचा २७ नं. नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताच येत नाही. राज्याची हद्द ओलांडली म्हणून करही वाढत नाही.

सर्वांत मोठा धोका छापील कॅनव्हासचा आहे. फोटो कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक जेल फिरवतात आणि ‘हँडमेड ऑईल’ म्हणून विकतात. मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरपा मारा. खऱ्या चित्रात रंगाची जाडी जागोजागी बदलते, जेलचे फटकारे मात्र खालच्या आकारांशी जुळत नाहीत. भिंगातून बघितलं तर छपाईचे ठिपके दिसतात. शंका नको असेल तर काम अर्धं झालेलं असताना स्वतः जाऊन बघा.

कागदपत्रं थोडीच लागतात, पण सगळी घ्या: माप, माध्यम, मुदत, फ्रेम आणि हप्ते लिहिलेलं सहीचं पत्र, प्रत्येक हप्त्याची पावती, शेवटी चित्रकाराच्या सहीचं मूळ चित्राचं प्रमाणपत्र. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर तुमचा असतो. प्रदर्शनातलं तयार चित्र घेतलंत तर तो चित्रकाराकडेच राहतो. पत्रात ‘सर्व हक्क चित्रकाराकडे’ असं असेल तर सहीआधी बोला, कारण चित्रात तुमचं मूल आहे.

बाळाच्या हाताचा ठसा कॅनव्हासवर घ्यायची हौस अनेकांना असते. तैलरंगात तो कधीच घेऊ नका. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात आणि रंग काढायला टर्पेंटाईन लागतं. ठसा लहान मुलांसाठीच्या पाण्याच्या रंगानं कागदावर घ्या. नवं चित्र वास जाईपर्यंत बाळाच्या खोलीत लावू नका.

नेताना चित्राच्या तोंडावर बबल रॅप टेकवू नका, ओल्या रंगावर वळ उठतात. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा, फ्रेममागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा.

माल वेगळाच निघाला तर आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करा. चित्रकार कोल्हापूरचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे निपाणीकरांना बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

अखेरचं वार्निश रंग आतून सुकल्यावर, म्हणजे सहा महिने ते वर्षभरानं लावतात. ते कोण लावणार, चित्र कोण नेणार-आणणार आणि त्याचे पैसे आजच्या रकमेत धरलेत का, हे पहिल्या पत्रातच लिहून घ्या.