पदकामागचा माणूस
‘रेड स्टार’ या सोव्हिएत सन्मानचिन्हामागे सैनिकाचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. त्यावरून मॉस्कोजवळच्या पोडोल्स्क इथल्या लष्करी दफ्तरात नाव आणि शिफारसपत्र शोधता येतं.

1944 मध्ये हा सन्मान दोन भारतीयांनाही मिळाला: सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंग. दोघंही रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे. काम रसदीचं, इराणमार्गे सोव्हिएत सैन्याला माल पोचवण्याचं. मला वाटतं, असे कागद नसते तर रसदवाले इतिहासात दिसलेच नसते.

आपल्या हैदराबाद-सिकंदराबादेत, छावणीच्या गावात, कुणाकडे पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक असेल तर त्याची कडा भिंगातून बघा. नंबर, नाव, पलटण बहुधा तिथंच कोरलेली असते. फक्त ते घासून चमकवू नका, अक्षरं झिजतात.