फोनचं पान वाढू नका

मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात मुलाकडे आलेल्या एका आजींनी विचारलं आहे, "दिवसभर घरात मी एकटी असते. संध्याकाळी सगळी परततात, पण प्रत्येकाच्या हातात फोन. मी काही बोलले की नुसतं 'हं' म्हणतात. हल्ली झोप लागत नाही, जेवण जात नाही. वयामुळे होत असेल का?"

आजी, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल तर तपासणी करून घ्याच. थायरॉईड, साखर, चालू असलेली औषधं, नैराश्य हे सगळं पाहावं लागतं. दुभाषी हवा असेल तर डॉक्टरांची वेळ घेतानाच सांगा. पण तुमच्या पत्रात मला एकटेपणही दिसतं आणि त्याचा उपाय बराचसा घरच्यांच्या हातात आहे. म्हणून पुढचं त्यांच्यासाठी लिहिते.

समोर बसलेल्या माणसाला सोडून फोनमध्ये बघत राहण्याला 'फबिंग' असा शब्द आहे. तो 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातच घडवला गेला, मॅक्वारी शब्दकोशासाठी मेलबर्नच्या एका जाहिरात संस्थेने केलेल्या मोहिमेतून. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 300हून अधिक लोकांना आपापल्या माणसांसोबत कॅफेत जेवायला बसवलं. ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांचं लक्ष जास्त उडालं आणि सोबतीचा आनंद कमी झाला. फरक लहान होता, पण घरात तो रोज रात्री पडतो.

असं का होतं? बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलत असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात आयांना थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळांनी आधी हसून, हातवारे करून आईला बोलतं करायचा प्रयत्न केला आणि मग तोंड फिरवलं. मोठी माणसंही आधी दोनदा बोलून पाहतात, मग गप्प होतात.

दोष सगळा तुमचा नाही. ट्रुगानिनात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा महाराष्ट्रात ऋतूप्रमाणे दुपारचे दीड किंवा अडीच वाजलेले असतात. तुम्ही जेवायला बसता आणि गावाकडचे ग्रुप वाजू लागतात. त्यात कामाचं रोस्टर, शाळेचे निरोप. फोन टाकून द्या असं मी म्हणणार नाही. त्याची वेळ मात्र ठरवा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट 2022 मध्ये हेच सुरू केलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. वेळ रोजची, नियम सगळ्यांना सारखा. त्यामुळे कुणा एकाच्या निग्रहावर भार पडत नाही.

तुमच्या घरासाठी इतकं करा:

• जेवताना सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत. पालथा ठेवलेला फोनही लक्ष ओढतो. आजी-आजोबांच्या यूट्यूबलाही हाच नियम.

• कामावरून आल्यावर गाडी बंद करून निरोप तिथेच पाहून घ्या. घरातली पहिली दहा मिनिटं माणसांची.

• फोन घ्यावाच लागला तर सांगून घ्या: "आई, रोस्टर बघतो, दोन मिनिटं." कारण कळलं की दुर्लक्ष झाल्याचं शल्य राहत नाही.

• भारतातला व्हिडिओ कॉल ठरल्या वेळी, सगळ्यांनी मिळून करा.

• बाळाला भरवताना मोबाईल नको. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी मार्गदर्शनानुसार 2 वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको; 2 ते 5 वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त 1 तास. 16 वर्षांखालच्या मुलांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांना 10 डिसेंबर 2025 पासून कायद्याने आळा घातला आहे. मोठ्यांसाठी असा कायदा नाही. मुलं मात्र आपल्याकडे बघूनच शिकतात.

आजी, तुम्हीही मनात ठेवू नका. पाठमोऱ्या माणसाशी बोलण्यापेक्षा जवळ जाऊन बसा आणि म्हणा, "बाळा, दहा मिनिटं माझ्याकडे बघून बोल." मुलाला ते ऐकायची गरज आहे. कधीतरी तुम्ही भारतात परत जाल, तेव्हा हाच मुलगा तुम्हाला फोनवर बघायला आसुसलेला असेल. आज तुम्ही त्याच्या समोर बसला आहात.