तुळशीची माळ आणि स्कॅप्युलर

धर्माची खूण अंगावर बाळगण्याची चाल अनेक समाजांत आढळते. आपल्या कर्जत-खालापूर भागात ती तुळशीच्या माळेच्या रूपाने दिसते. कॅथलिक ख्रिस्ती समाजात स्कॅप्युलर आणि पदक यांच्या रूपाने. या दोहोंची तुलना उद्बोधक आहे.

स्कॅप्युलर हा शब्द लॅटिनमधील खांदावाचक शब्दापासून आला. मठातील साधू खांद्यांवरून पुढेमागे लोंबणारा लांब पट्टा वापरीत, तो मूळ स्कॅप्युलर. संसारी भाविकांसाठी त्याचेच लहान रूप झाले. लोकरी कापडाचे दोन छोटे तुकडे दोऱ्यांनी जोडलेले असतात. एक छातीवर, दुसरा पाठीवर राहतो. कार्मेल संघाचा तपकिरी स्कॅप्युलर विशेष प्रसिद्ध आहे. पवित्र मरियेने तो १२५१ साली सायमन स्टॉक यांना दिला, अशी परंपरा आहे. कार्मेल मातेचा सण १६ जुलैला असतो. पहिला स्कॅप्युलर धर्मगुरूंच्या हातून विधिपूर्वक घ्यावा लागतो. तो झिजला तर नवा आपला आपण घालता येतो. १९१० साली पोप दहावे पायस यांनी कापडाऐवजी पदक वापरण्यास अनुमती दिली. त्याच्या एका बाजूस येशूचे पवित्र हृदय व दुसऱ्या बाजूस मरिया असते.

आता आपली माळ पाहू. ती पंढरपुरी अथवा गावातच, ज्ञानेश्वरीच्या साक्षीने, एखाद्या ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून घालून घेतात. मग मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, हरिपाठ आणि वारी हे नेम आलेच. म्हणून आपल्याकडे 'माळ घातली' म्हणजे वागणे बदलले, असाच अर्थ होतो. माळेला जातीची अट नाही, हेही तिचे थोरपण.

दोन्ही खुणा स्वस्त आहेत. सूत, लाकूड, कापड यांना बाजारात किंमत ती किती? त्यांचे मोल नेमामुळे आहे. स्कॅप्युलर म्हणजे ताईत नव्हे, प्रार्थना व सदाचरणाविना तो व्यर्थ होय, असे कॅथलिक चर्चही सांगते.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ अभ्यासाचा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबा माळकरी आहेत, आणि "तू माळ कधी घालणार?" असे ते विचारतात. माझे काही मित्र माळ शर्टाच्या आत लपवतात, तर कोणी कारखान्यात लागल्यावर ती उतरवून ठेवतात. काही जण मात्र माळ मिरवतात आणि नेम मोडतात. मला वाटते, लपवणाऱ्यापेक्षा मिरवून मोडणाराच माळेचा अधिक अपमान करतो.

म्हणून आजोबांना मी एवढेच सांगितले आहे, की आधी वर्षभर एकादशी पाळून पाहतो, मग माळ मागतो. खूण गळ्यात येण्याआधी नेम अंगी यावा, हा धडा माळ आणि स्कॅप्युलर दोन्ही देतात.