हनुवटीवरची लाली

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हनुवटीवर आणि ओठांभोवती लाली उठली. पाणी लागलं तरी चुरचुरायचं. सासूबाई म्हणाल्या, नागपूरची कोरडी थंडी बाधली. जाऊबाईंचा संशय नव्या क्रीमवर. खरं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं: नवऱ्याची दोन दिवसांची खुरटी दाढी जवळिकीत माझ्या चेहऱ्याला घासत होती. घरात हे बोलणार कोण?

या संकोचापायीच कितीतरी जणी डॉक्टरांऐवजी मेडिकल गाठतात. मलाही तिथे काही न विचारता एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत चेहरा स्वच्छ झाला, पण ट्यूब थांबवली की लाली दुप्पट व्हायची, सोबत बारीक पुटकुळ्या. पुन्हा लावली की पुन्हा आराम. अखेर त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूबवरचं नाव वाचलं: क्लोबेटासोल. हे अतिशय तीव्र स्टेरॉइड. चेहऱ्याची कातडी मुळात पातळ. त्यावर हे लावत राहिलं की ती आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, ऊन सोसत नाही, काहींना लवही वाढते. 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी काउंटरवर ती मिळतातच. म्हणून कळकळीने सांगते, चेहऱ्याला लावायची ट्यूब आधी वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आधीच बरेच दिवस लावत असाल तर तीही त्यांच्या सल्ल्यानेच सोडा. सोडताना चेहरा काही काळ भडकतो. माझा शांत व्हायला बरेच महिने गेले.

नुसत्या घासण्याने आलेली लाली इतकी हट्टी नसते. साध्या पाण्याने तोंड धुवायचं, फेसवॉश बंद, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. हळद, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काही नको. काही दिवसांत ती उतरते, पण घासणं थांबलं तरच! नुकत्याच फुटलेल्या केसाचं टोक कापलेलं, धारदार असतं; वाढलेला केस वाकतो. तेव्हा नवऱ्याने कोमट पाण्याने रोज गुळगुळीत दाढी करावी, नाहीतर नीट वाढवून तेल लावावं. मी हे नवऱ्याला स्पष्ट सांगितलं आणि त्याने मनावर घेतलं. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं काही कारण नाही.

दाढी गुळगुळीत असूनही पुरळ येत असेल तर त्याचं आफ्टरशेव्ह, दाढीमिशीचा कलप बघा. कलपातल्या पॅराफेनिलिनडायअमिनची बायकोला अॅलर्जी असेल तर कलप लावणाऱ्याऐवजी तिचाच चेहरा सुजू शकतो. कडेने वाढत जाणारं खाजरं चकंदळ हा बहुधा नायटा. दोघांनाही असेल तर उपचार एकाच वेळी हवेत आणि टॉवेल वेगळे. ओठाजवळ पाणी भरलेल्या फोडांचा झुबका उठून आग होत असेल तर ती नागीणवर्गातल्या हर्पीस विषाणूची लागण असू शकते. फोड पूर्ण सुकेपर्यंत चुंबन टाळा. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचा पापा मुळीच घेऊ नका, नवजात बाळाच्या जिवावर ही लागण बेतू शकते.

डोळ्यांपर्यंत सूज आली, पू झाला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे 'नवऱ्याची दाढी घासते' एवढं सांगायला लाजू नका. बाईंनी माझं ऐकून मान डोलावली आणि विचारलं, "दाढी रोज करतात की एक दिवसाआड?"