वजाबाकीचा नियम आणि मेट्रोचे दार

गेल्या आउटपासला मी जनकपुरीला मामांकडे गेलो होतो. तिसरीतली मामेबहीण वजाबाक्या करत बसली होती. मामीने वही माझ्याकडे तपासायला दिली. ५२ वजा १७ बरोबर ४५. ८१ वजा ३६ बरोबर ५५. "लक्ष कुठे आहे तुझं?" मी ओरडलो. डॉर्मिटरीत चालतो तो आवाज घरात फारच मोठा झाला. ती रडायला लागली.

रात्री वही पुन्हा पाहिली. ७८ वजा ३५ मात्र बरोबर होते. मग लक्षात आले, की ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, मग तो वर असो वा खाली. म्हणजे दुर्लक्ष नव्हतेच. ती नियम पाळत होती, फक्त नियम चुकीचा होता.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये नेमके हेच मांडले. विचारप्रक्रिया 'जर-तर' नियमांत लिहिता येते, हे न्यूएल आणि सायमन यांनी आधी दाखवले होते. ब्राउन-बर्टन यांच्या संगणकीय प्रारूपात वजाबाकीच्या एखाद्या पायरीच्या जागी चुकीची पायरी घालता येई. त्यातून मुलाच्या वहीतलीच चुकीची उत्तरे आली, तर त्याच्या मनातला नियम सापडला असे समजायचे. अशा प्रारूपाने ५२ वजा १७ चे उत्तर ३५ दिले, तर माझ्या बहिणीसाठी ते प्रारूपच चुकले!

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर मेट्रोने जनकपुरी पश्चिमहून नोएडाच्या बोटॅनिकल गार्डनला गेलो. याच मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली पहिली चालकविरहित मेट्रो सुरू झाली. इथेही 'जर-तर'च आहे: गाडीचे आणि फलाटाचे प्रत्येक दार बंद असेल, तरच गाडी हलेल. पण हा नियम माणसाच्या विचारासारखा आहे का, हे अभियंता विचारत नाही. तो विचारतो, दार बंद झाल्याचा संदेशच आला नाही तर? उत्तर ठरलेले आहे: गाडी उभीच राहील.

मला खरा फरक इथे दिसतो. यंत्राला अडल्यावर थांबायला शिकवलेले असते. माणूस थांबत नाही. ब्राउन आणि व्हॅनलेन यांनी १९८० मध्ये लिहिले, की मूल अडले की हाताशी असलेली एखादी युक्ती लावून पुढे जाते. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले! (परीक्षेत मीही हेच करतो. कोरी जागा सोडवत नाही.)

परत निघण्यापूर्वी आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. एक गठ्ठा सोडून दशक सुटा कसा करायचा, ते तिला दाखवले. ५२ वजा १७ जमले. मग ३०२ वजा १४७ ला ती पुन्हा अडली, कारण मधल्या शून्यात सोडायला गठ्ठाच नव्हता. तिने काहीतरी लिहिले आणि भीत भीत माझ्याकडे पाहिले. मी उत्तर न तपासता विचारले, "इथे तू काय केलंस, सांग बघू."