एका गहाणाचे दोन इंग्रजी शब्द

आपल्या बोलींत तांब्याचा हंडा सावकाराकडे ठेविला तरी तो गहाण, आणि शेत लिहून दिलें तरी तेंहि गहाणच. इंग्रजींत मात्र येथें दोन शब्द आहेत. बँकांचे पुष्कळ कागद त्याच भाषेंत असतात, यास्तव उपदेशक बंधूंनीं त्यांतील भेद समजून घेणें अगत्याचें आहे.

'प्लेज' हें जंगम वस्तूचें. ऋणको दागिना धनकोच्या स्वाधीन करितो. वस्तु हातची जाते, मालकी जात नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें ती विकण्यापूर्वीं धनकोनें वाजवी सूचना दिली पाहिजे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायांत जातें गहाण घेण्यास मनाई आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत तेथें हाच शब्द आहे. (दारू सोडण्याच्या प्रतिज्ञेसहि इंग्रज 'प्लेज' म्हणतात, तेथें मनुष्य आपला शब्दच तारण ठेवितो.)

'मॉर्गेज' हें स्थावराचें. ह्या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ 'मेलेलें तारण' असा आहे. नहेम्याच्या ५ व्या अध्यायांत दुष्काळांत धान्यासाठीं शेतें व घरें गहाण पडलीं. त्याच भाषांतरांत तेथें हा दुसरा शब्द येतो. हंडा गेला कीं चुलीजवळची जागा रोज रिकामी दिसते. शेताचें तसें नाहीं. पुष्कळदां तें धन्याच्याच नांगराखालीं राहतें, आणि गेलें काय तें एका कागदांत असतें. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं, तीं ह्याच कारणानें.

याहून कठीण गोष्ट निराळीच आहे. "पैसे फेडा, शेत परत घ्या," असें तोंडीं सांगून कित्येक जण गहाणाऐवजीं खरेदीखत करून घेतात. १९२९ च्या दुरुस्तीपासून कायदा असा आहे कीं, परत देण्याची अट त्याच खरेदीखतांत लिहिलेली नसेल तर तो व्यवहार 'मॉर्गेज' गणला जात नाहीं. तोंडी वचन किंवा निराळी चिठ्ठी त्यास पुरत नाहीं. वारजें १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. शहराच्या अशा कडेला जमिनीचा भाव चढतो, तेव्हां परत देण्याची इच्छा कोणास उरेल?

म्हणून मंडळींतील कोणी कागद घेऊन आला तर प्रथम त्याचें नांव वाचा, मग परत मिळण्याची अट त्यांतच बोटानें दाखवावयास सांगा. ती सांपडेपर्यंत अंगठा उठवूं देऊं नका.