जोर तोच, कामे तीन : शुभेच्छापत्रातील पदार्थविज्ञान



गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरातील जेवणाच्या टेबलाचा छापखाना झाला होता. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने बटाट्याचे ठसे कापून वीस-पंचवीस शुभेच्छापत्रे छापली. त्यांतले पहिले तिने आजोबांच्या हातात दिले. माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूमुळे काही वर्षांपूर्वी गेली आहे. त्यांनी पत्रावरून दोन्ही बाजूंनी बोटे फिरवली आणि विचारले, "कागद छान जाड आहे गं, पण यात काढलंयस काय?"

मुलगी गप्प झाली. खरे तर मीही गप्प झालो. शाईची छाप फक्त डोळ्यांसाठी असते, ही साधी गोष्ट आम्हां दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. मग बोटांना वाचता येईल असे दुसरे पत्र करायचे ठरले. त्यासाठी दोन संध्याकाळी गेल्या आणि तुमच्या पाठ्यपुस्तकातील 'दाब' हे प्रकरण जवळजवळ सगळे उपयोगी पडले. ते कसे, हे या लेखात पाहू.

आधी स्वयंपाकघरात जाऊ. पुऱ्या करताना पुष्कळ घरी एक मोठी पोळी लाटतात आणि वाटी उपडी दाबून तिच्या काठाने गोल पुऱ्या पाडतात. आता हीच वाटी सरळ धरा आणि तिचा बूड त्याच पोळीवर तेवढ्याच जोराने दाबा. पोळी थोडी चेपेल, पण कापली जाणार नाही. हात तोच, वाटी तीच, जोरही तोच. बदलले ते फक्त जोर ज्यावर पडतो ते क्षेत्रफळ. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्हाला पाठ आहे. आमचे सगळे शुभेच्छापत्र या एका सूत्रावर उभे आहे.

शाईची छाप

समजा, तुमचा ठसा ३ सेंटिमीटर लांब व ३ सेंटिमीटर रुंद आहे आणि कोरल्यानंतर त्यातला निम्मा भाग उंच राहिला आहे. म्हणजे कागदाला टेकणारे क्षेत्रफळ साडेचार चौरस सेंटिमीटर. तुम्ही हाताने सुमारे ५० न्यूटन बल लावता, म्हणजे ५ किलोग्रॅमचे वजन ठेवल्यावर पडेल तेवढे. ५० ला साडेचारने भागले की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११ न्यूटन येतात. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० न्यूटन असतो. ठशाखाली कागदावर पडणारा जादा दाब जवळजवळ तेवढाच आहे. छापण्यासाठी तो पुरेसा होतो, कारण येथे कागदाचा आकार बदलायचा नसतो. शाई कागदाला सर्वत्र टेकली की काम झाले. पुढचे काम केशाकर्षण करते. कागद हा वनस्पतींच्या बारीक तंतूंचा थर असतो आणि तंतूंमधील सूक्ष्म फटी शाईला आत ओढून घेतात.

हेच आकर्षण कधी काम बिघडवते. टीपकागदावर ठसा उमटवला तर फुलाचा डाग होतो, कारण टीपकागदात खळ नसते. लिहिण्याच्या कागदात खळ असते, म्हणून त्यात शाई पसरत नाही. बटाट्याच्या वजनात सुमारे चार पंचमांश पाणी असते. ताज्या कापलेल्या ठशावर हे पाणी येऊन रंग पातळ होतो. म्हणून ठसा आधी फडक्याने नीट टिपून घ्यावा आणि दाट रंग पातळसा थर देऊन लावावा.

छाप फिकी आली की आपण जास्त जोर लावतो. बहुतेक वेळा ही चूक ठरते. फार दाबले की रंग मधून निसटून कडेला जातो. मग आकृतीभोवती गडद रेघ आणि आत फिका भाग दिसतो. त्याऐवजी कागदाखाली जुन्या वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा. ठशाचा पृष्ठभाग थोडा उंचसखल असला तरी खालची गादी त्याला सांभाळून घेते आणि दाब सगळीकडे सारखा पडतो.

डाव्याचे उजवे

छापणाऱ्याला छळणारी दुसरी गोष्ट म्हणजे उलटी अक्षरे. ठसा आणि छाप एकमेकांसमोर तोंड करून असतात, त्यामुळे आरशातल्याप्रमाणे डाव्याचे उजवे होते. 'ठसा' या शब्दातला 'ठ' तेवढा बराच सममित असल्याने उलटवला तरी जवळजवळ तसाच राहतो. 'शुभ' मधल्या अक्षरांची मात्र दशा होते.

यावर सोपा उपाय आहे. कागदावर मऊ पेन्सिलीने सरळ अक्षरे ठळक लिहा. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून मागून नखाने घासा. पेन्सिलीचे ग्राफाइट रबरावर उतरते आणि अक्षरे आपोआप उलटी होतात. तशीच कोरा. छापताना ती पुन्हा एकदा उलटतात, म्हणजेच सुलटी होतात. दोनदा उलटले की सरळ, हे लक्षात ठेवा. पुढच्या कामात ते लगेच लागणार आहे.

बोटांना लागणारा उठाव

आजोबांच्या पत्रासाठी आम्ही पणती काढायचे ठरवले. पणतीची कड कागदाच्या वर उठून आली, तरच बोटाला कळणार होती. त्यासाठी शाई संपलेली बॉलपेनची रिफिल घेतली. जाड कागद वर्तमानपत्राच्या घडीवर पालथा ठेवला आणि मागच्या बाजूने रिफिलीने जोर देऊन रेघा ओढल्या. पुढून पाहिले तर रेघा उंच उठलेल्या.

असे का झाले? रिफिलीच्या टोकाला सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान गोळी असते. तिचा कागदाला टेकणारा भाग इतका लहान असतो, की हाताच्या थोड्या जोरानेही तेथे दाब फार वाढतो. कागद हलका वाकवून सोडला तर पूर्ववत होतो. याला आपण स्थितिस्थापकता म्हणतो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तंतू ताणले जातात, एकमेकांवरून सरकतात आणि परत जागेवर येत नाहीत. खळगा कायम राहतो. आपल्या बाजूचा खळगा हा पलीकडच्या बाजूचा उंचवटा असतो. काम मागून करायचे असल्याने येथेही चित्र डावे-उजवे उलटून काढावे लागते.

छेद

पणतीच्या ज्योतीसाठी मुलीला गोल भोके हवी होती, म्हणजे प्रकाशासमोर धरल्यावर ती उजळतील आणि बोटालाही लागतील. मोडक्या छत्रीची पोकळ नळी सापडली. तिचा व्यास सुमारे १ सेंटिमीटर होता. मी तिचे एक टोक कानशीने बाहेरून उतरते घासून धारदार केले. हे काम मोठ्या माणसाकडूनच करून घ्या. उतार बाहेरच्या बाजूला ठेवला की नळीत जाणारी कागदाची टिकली सपाट आणि स्वच्छ कडेची निघते. त्या टिकल्याही सजावटीला उपयोगी पडतात.

आता हिशेब करू. नळीचा परीघ सुमारे ३.१४ सेंटिमीटर. धारेची जाडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे ०.०१ सेंटिमीटर धरू. कागदाला टेकणारे क्षेत्रफळ झाले सुमारे ०.०३१ चौरस सेंटिमीटर. त्याच ५० न्यूटन बलाने येथे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६०० न्यूटन दाब पडतो. ठशाच्या मानाने हा जवळजवळ दीडशे पट झाला. तरीही नुसत्या हाताने जाड कागद कापला गेला नाही, फक्त गोल वळ उमटला.

मग हातोडी घेतली. समजा, अर्ध्या किलोग्रॅमची हातोडी सेकंदाला २ मीटर वेगाने नळीवर पडते आणि एक हजारांश सेकंदात थांबते. संवेगातील बदलाला वेळेने भागले की सरासरी बल मिळते. ०.५ गुणिले २ भागिले ०.००१, म्हणजे १००० न्यूटन. हाताच्या जोराच्या वीस पट! हा ढोबळ अंदाज आहे, पण एका टोल्यात भोक का पडते ते त्यावरून कळते. कागदाखाली मात्र सपाट लाकडी ठोकळा हवा. खाली उशी किंवा जाड गादी ठेवली तर हातोडी थांबायला दहापट वेळ लागेल आणि बल दहापट कमी होईल. दगड किंवा लोखंड ठेवले तर धार बोथट होईल.

घडी आणि दंतमंजनाची पेटी

जाड कागदाची घडी कधी सुरेख बसते, तर कधी कडेला कागद फुटतो. यंत्रावर कागद तयार होताना बरेचसे तंतू यंत्राच्या चालण्याच्या दिशेने पडतात. तंतूंना समांतर घडी घातली तर ती सहज बसते. आडवी घातली तर तंतूंनाच मोडावे लागते. दिशा ओळखायची असेल तर वर्तमानपत्राचा एक कागद उभा आणि आडवा फाडून पाहा. एका बाजूने तो सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा.

आता टूथपेस्टची एखादी रिकामी खोकी चिकटवलेल्या जागी सोडवून पसरा. बाहेरची कड कापलेली दिसेल आणि घड्यांच्या जागी दाबलेल्या रेषा दिसतील. असे खोके कापण्यासाठी कारखान्यात लाकडी फळीत पोलादाच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. त्याला डाय म्हणतात. काही पट्ट्यांची कड धारदार असते, तर काहींची बोथट आणि गोलसर. यंत्र एकदाच दाबते. धारदार पट्टीखाली कागद कापला जातो आणि बोथट पट्टीखाली फक्त घडीची रेषा पडते. आम्ही दोन संध्याकाळी जे केले, ते सगळे या एका दाबण्यात आहे.

करून पाहा

१. एकच ठसा कागदाखाली घडी ठेवून आणि न ठेवता उमटवा. दोन्ही छापा शेजारी ठेवून फरक लिहा.

२. तुमच्या ठशाचे टेकणारे क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर छाप घेऊन चौकोन मोजून काढा. न्हाणीघरातील वजनकाट्यावर ठसा दाबून तुम्ही किती जोर लावता ते पाहा आणि दाब काढा.

३. आरशात पाहिल्यावर न बदलणारी आणखी कोणती अक्षरे व अंक आहेत, त्यांची यादी करा.

आजोबांचे दुसरे पत्र पाडव्याच्या दिवशी तयार झाले. उठावदार पणती आणि वर ज्योतीच्या आकारात सात भोके. वडिलांनी कडेवरून सावकाश बोट फिरवले. "पणती आहे," ते म्हणाले. मग भोके मोजली आणि पाचव्यावर बोट थांबवून म्हणाले, "हे नीट पडलं नाही. एका बाजूला अजून चिकटलंय."

आम्ही पत्र उजेडासमोर धरले. भोक पूर्ण दिसत होते, पण कडेला केसाएवढा तंतूंचा धागा राहिला होता. नळी किंचित कलती धरली गेली होती, त्यामुळे सगळा जोर धारेच्या एकाच बाजूवर पडला. आमच्या चार डोळ्यांना न दिसलेली चूक एका बोटाला सापडली. मुलीने नळी सरळ धरून तेथे पुन्हा एक टोला दिला, आणि पत्र परत आजोबांच्या हातात ठेवले.